किरकोळ केसमध्ये "कोर्ट उठेपर्यंत" सुटायचं असेल तर आधी हे वाचा

कोर्टाच्या व्हरांड्यात किरकोळ गुन्ह्याची तारीख घेऊन उभ्या असलेल्या माणसाला सगळ्यात जास्त वेळा मिळणारा सल्ला म्हणजे "कबूल कर आणि मोकळा हो, कोर्ट उठेपर्यंत बसवतील, थोडाफार दंड लागेल, विषय संपला." सल्ला खोटा नाहीये, हजारो केसेस अशाच निकालात निघतात, फक्त "विषय संपला" हा भाग नीट तपासून घ्यायचा असतो. पाकिस्तानचे पंतप्रधान युसूफ रझा गिलानी यांना तिथल्या सुप्रीम कोर्टाने २६ एप्रिल २०१२ ला कोर्टाच्या अवमानाच्या केसमध्ये हीच शिक्षा दिली होती, कोर्ट उठेपर्यंत, म्हणजे न्यायाधीश कामकाज संपवून उठेपर्यंतची कैद. न्यायाधीश जेमतेम अर्ध्या मिनिटात उठले, शिक्षा भोगून झाली. आणि त्याच दोषी ठरण्यावरून १९ जूनला त्यांची खासदारकी गेली आणि पंतप्रधानपदही गेलं. म्हणजे शिक्षा अर्ध्या मिनिटाची होती, पण "दोषी" हा शिक्का काही अर्ध्या मिनिटाचा नव्हता.

आपल्याकडेही गणित तेच आहे, म्हणून हलकी शिक्षा कशी मागायची हे शिकण्याआधी डोक्यात दोन गोष्टी वेगळ्या करा, एक शिक्षा किती झाली आणि दुसरी दोषी ठरलो की नाही. पहिली जवळजवळ सगळ्यांना दिसते, दुसरी नोकरीचा फॉर्म भरताना दिसते.

माझ्या मते पसंतीचा क्रम असा लावावा. तडजोड होऊन केस मिटत असेल तर सगळ्यात उत्तम. ते जमत नसेल तर समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर सुटका. आणि तेही होत नसेल तर मग दंड, कोर्ट उठेपर्यंत कैद, किंवा समाजसेवा. लोक नेमकं उलटं करतात, शेवटचं सगळ्यात आधी मागतात कारण ते त्याच दिवशी होतं आणि पुढची तारीख पडत नाही.

सुरुवात कागदापासून करा. समन्स किंवा चार्जशीटची कॉपी हातात घेऊन कलम कोणतं लावलंय ते बघा, कारण सगळा खेळ कलमावर आहे. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर जुनं आयपीसी लागतं, नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहिता. शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या भांडणातलं जे प्रसिद्ध त्रिकूट, ३२३, ५०४, ५०६, म्हणजे मारहाण, शिवीगाळ आणि धमकी, ते आता नव्या कायद्यात ११५(२), ३५२ आणि ३५१ झालंय. असली केस असेल तर फिर्यादीशी बोला, घरातलं कोणी मोठं माणूस मध्ये घाला, तडजोडीचा अर्ज द्या. कायद्याने तडजोडयोग्य असलेल्या गुन्ह्यात फिर्यादीने माघार घेतली की त्याचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखा धरतात, आणि हे कोणत्याही हलक्या शिक्षेपेक्षा शंभर पट बरं. राष्ट्रीय लोक अदालतीची तारीख जवळ असेल तर केस तिथे ठेवायला सांगा, त्या दिवशी सगळ्यांचाच मिटवायचा मूड असतो. फक्त फिर्यादीवर दबाव आणून, घरी माणसं पाठवून हे करायला जाऊ नका, त्यातून नवीन कलम लागतं.

फिर्यादी सरकारच असेल, म्हणजे पोलिसांनीच स्वतः केस केलेली, सार्वजनिक ठिकाणी गोंधळ घातला म्हणून महाराष्ट्र पोलीस कायद्याची ११०/११७, किंवा पत्ते खेळताना पकडलं म्हणून जुगार कायद्याची १२ अ, तर तडजोड करायला समोर कोणी माणूसच नसतो. मग पुढचा रस्ता.

हा पुढचा रस्ता म्हणजे १९५८ चा परिवीक्षा कायदा, ज्याला वकील लोक प्रोबेशन म्हणतात, आणि हा इतका कमी वापरला जातो की वाईट वाटतं. त्याचं कलम ३ सांगतं की पहिलाच गुन्हा असेल आणि त्याला दोन वर्षांपर्यंतचीच कैद किंवा नुसता दंड असेल, किंवा साधी चोरी, फसवणूक अशी तिथे नाव घेऊन लिहिलेली काही कलमं असतील, तर कोर्ट शिक्षा न देता फक्त समज देऊन सोडू शकतं. समज म्हणजे खरंच समज, न्यायाधीश तोंडी दोन शब्द सुनावतात, ऑर्डर लिहितात आणि तुम्ही घरी. कलम ४ त्याहून मोठं आहे, फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद नसलेल्या कुठल्याही गुन्ह्यात कोर्ट जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बंधपत्रावर सोडू शकतं, त्या काळात नीट वागायचं आणि बोलावलं की हजर व्हायचं. कलम ५ खाली सोबत नुकसानभरपाई द्यायला लावू शकतात. आरोपी २१ च्या आतला असेल तर कलम ६ प्रमाणे त्याला जेलमध्ये पाठवायचंच असेल तर कोर्टाला तशी कारणं लिहावी लागतात. आणि सगळ्यात कामाचं कलम १२, म्हणजे दोषी ठरल्यामुळे एखाद्या कायद्याने जी अपात्रता चिकटते ती कलम ३ किंवा ४ खाली सुटलेल्याला चिकटत नाही.

इथे एक गैरसमज मात्र पसरलेला आहे, की प्रोबेशन मिळालं म्हणजे रेकॉर्ड कोरं झालं. नाही. दोषी ठरणं तसंच राहतं, फक्त त्याची कायदेशीर अपात्रता जाते. सरकारी नोकर असाल तर खातं तुमच्या वागणुकीवरून वेगळी कारवाई करू शकतं, सुप्रीम कोर्टाने हे अनेकदा सांगितलंय.

मागायचं कसं ते आता. वेळ महत्त्वाची आहे, कोर्टाने दोषी धरलं आणि शिक्षा सुनावायची आहे, त्या मधल्या जागेत हा अर्ज गेला पाहिजे. नंतर वरच्या कोर्टात मागता येतं पण मग अपिलाचा खर्च आणि वेळ. म्हणून अर्ज आधीच टाईप करून फाईलमध्ये ठेवायला वकिलाला सांगा. अर्जात नुसतं "आरोपी गरीब आहे, दया दाखवावी" हे छापील वाक्य टाकू नका, ते न्यायाधीश दिवसातून कितीतरी वेळा वाचतात. त्याऐवजी खरी माहिती द्या. वय काय, काम काय, घरात कमावणारं कोण, आधी कुठलीही केस नाही, नुकसान भरून दिलंय त्याची पावती, आई आजारी असेल तर दवाखान्याचे कागद, कॉलेजला असेल तर बोनाफाईड. आणि जामीन राहायला तयार असलेला माणूस त्याच दिवशी आधार कार्ड घेऊन कोर्टात उभा असावा, कारण बंधपत्र लगेच लिहून द्यावं लागू शकतं आणि जामीनदार घरी झोपलेला असला की सगळं अडतं.

कोर्ट परिवीक्षा अधिकाऱ्याचा रिपोर्ट मागवू शकतं. हा अधिकारी तुमची चौकशी करतो, घरची परिस्थिती, शेजारी काय म्हणतात, दारूचं व्यसन आहे का वगैरे. त्याच्याशी सरळ बोला, लपवाछपवी केली तर ती रिपोर्टात येते आणि मग कोर्टाला तुमच्या बाकीच्या सांगण्यावरही विश्वास राहत नाही. बंधपत्राच्या अटी मोडल्या तर पहिल्यांदा पन्नास रुपयांपर्यंतच्या दंडावर भागू शकतं (हो, १९५८ चे पन्नास रुपये, अजून तसेच आहेत), पण कोर्टाच्या मनात आलं तर मूळ गुन्ह्याची शिक्षाही सुनावू शकतं, त्यामुळे त्या पन्नास रुपयांवर जाऊ नका.

आता समाजसेवा. ही भारतीय न्याय संहितेने आणलेली नवीन शिक्षा, कलम ४ मधल्या यादीत शेवटची, आणि लोकांना वाटतं की कुठल्याही छोट्या गुन्ह्यात मागितली की मिळते. तसं नाही, मोजून सहा ठिकाणी आहे. दारू पिऊन सार्वजनिक जागी धिंगाणा (३५५), बदनामी (३५६), पाच हजारांच्या आतली चोरी (३०३), कोर्टाने जाहीरनामा काढूनही हजर न होणं (२०९), सरकारी अधिकाऱ्याला अडवण्यासाठी किंवा भाग पाडण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न (२२६), आणि सरकारी नोकराने बेकायदा धंदा करणं (२०२). बस. दारूच्या धिंगाण्याला जुन्या आयपीसीत दंड दहा रुपये होता, आता हजारापर्यंत आहे, किंवा २४ तासांपर्यंत साधी कैद, किंवा समाजसेवा.

यातलं चोरीचं कलम जरा जवळून बघण्यासारखं आहे कारण तिथे बरेच जण फसतात. ३०३(२) म्हणतं की वस्तूची किंमत पाच हजारांच्या आत, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरतोय, आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलीय, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर समाजसेवेचीच शिक्षा. म्हणजे वस्तू परत करणं हे तुमच्या हातात आहे आणि ते शिक्षेच्या आधी रेकॉर्डवर आलं पाहिजे, तोंडी "दिलं ना साहेब परत" चालत नाही, तसा अर्ज, पावती, फिर्यादीचं म्हणणं काहीतरी कागदावर हवं. पण गंमत अशी की ही सवलत फक्त साध्या चोरीला आहे. राहत्या घरातून, माल ठेवायच्या इमारतीतून, बस-ट्रेनसारख्या वाहनातून चोरी केली किंवा देवळातली मूर्ती चोरली की कलम ३०५ लागतं, त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि समाजसेवेचं नावही नाही. म्हणजे फुटपाथवर ठेवलेली सायकल आणि गोडाऊनमधली तीच सायकल, किंमत एकच, कलम वेगळं. पोलिसांनी ३०५ लावलं असेल आणि जागा त्यात खरंच बसत नसेल तर वकिलाने तिथेच भांडायला हवं, शिक्षेच्या दिवशी रडून काही होत नाही.

समाजसेवा म्हणजे काय काम, किती तास, हे संहितेत दिलेलं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे केस कशी चालवायची ते सांगणाऱ्या नव्या कायद्याच्या कलम २३ मध्ये एवढंच आहे की समाजाच्या फायद्याचं काम, आणि त्याचे पैसे मिळणार नाहीत. त्यामुळे इथे अर्जदाराने स्वतःच नीट प्रस्ताव द्यावा हे माझं मत, कोणतं ठिकाण, घरापासून किती लांब, आठवड्यात कोणते दिवस, कामावर जाण्याआधी की नंतर, काम पूर्ण झाल्याचं सर्टिफिकेट कोण देणार. न्यायाधीशाला तयार काहीतरी समोर मिळालं तर सोपं जातं, नाहीतर दंड लिहून मोकळं होणं त्यांनाही सोपं असतं. आणि सेवा टाळली तर पुढे कैद आहे हे विसरू नका.

बरं, एक घोळ इथेच निस्तरू. मे २०२४ मध्ये पुण्यात पोर्शे गाडीखाली दोघांचा जीव गेला आणि अल्पवयीन मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगून सोडलं म्हणून जो संताप झाला, तो निबंध ही शिक्षा नव्हती, बाल न्याय मंडळाने घातलेली जामिनाची अट होती, आणि गुन्हाही किरकोळ नव्हता. तेव्हापासून लोक "मला पण निबंध लिहायला सांगा" असं हसत हसत बोलतात. कोर्टात तरी बोलू नका.

आता ज्यासाठी बरेच जण इथे आले असतील ते, कोर्ट उठेपर्यंत शिक्षा. ही कैदच आहे, फक्त जेलऐवजी कोर्टात भोगायची. सकाळी अकराच्या आसपास कोर्ट बसतं, बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या केसेसची यादी, सुरू होतो, किरकोळ केसेस बऱ्याचदा सुरुवातीला पुकारतात. तुमचं नाव पुकारलं की समोर उभं राहायचं, मोबाईल बंद करून खिशात, हात खिशात नाही, टोपी असेल तर काढायची. न्यायाधीश आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का. इथे दोनच उत्तरं आहेत, कबूल किंवा नाकबूल. "कबूल आहे पण माझी चूक नव्हती, त्यानेच आधी हात उचलला" हे कबुली नाही, यावर कोर्टाने केस चालवायला घ्यायला हवी, आणि तुमचं म्हणणं खरंच तसं असेल तर केस चालवूच द्या. तुमचं उत्तर शक्यतो तुमच्याच शब्दांत लिहून घ्यावं असा नियम आहे, तेव्हा सही करायच्या आधी काय लिहिलंय ते वाचा, कळलं नाही तर वाचून दाखवायला सांगा, कोणी रागवत नाही. आणि कबूल करायला पोलीस किंवा वकिलाचा कारकून घाई करत असेल तर "मला वकिलाशी बोलायचंय, तारीख द्या" एवढं म्हणायचा हक्क आहे.

कबूल केल्यावर शिक्षा सुनावतात, समजा कोर्ट उठेपर्यंत साधी कैद आणि इतका दंड, दंड न भरल्यास इतके दिवस कैद. मग पोलीस तुम्हाला कोर्टरूममध्येच कडेला बसवतात. तिथे बसून राहायचं. चहाला, सिगारेटला, गाडी बघायला बाहेर जायचं नाही, पाणी प्यायला किंवा बाथरूमला जायचं तर विचारून. दुपारच्या सुट्टीत न्यायाधीश उठून आत गेले म्हणजे शिक्षा संपली असं समजून काही हुशार लोक घरी निघून जातात, संध्याकाळी न्यायाधीश कामकाज संपवून उठतात ते खरं उठणं. जेवण सकाळी करूनच या. मधुमेह असेल तर गोळी आणि काहीतरी खायला सोबत ठेवा आणि आधीच सांगून ठेवा. दंड रोख लागू शकतो म्हणून पैसे जवळ हवेत, पावती मागून घ्या आणि त्यावर केस नंबर बरोबर आहे ना ते तिथेच बघा.

बसून राहणं सोपं वाटतं पण सीबीआयचे माजी हंगामी संचालक नागेश्वर राव यांना विचारा. १२ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने त्यांना अवमानाबद्दल एक लाख दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कोपऱ्यात बसायची शिक्षा दिली. दुपारी अॅटर्नी जनरलनी आता सोडा म्हणून विनंती केली तर सरन्यायाधीशांनी उलट विचारलं की उद्या कोर्ट उठेपर्यंत वाढवू का. तेव्हा मधेच सुटका मागायला जाऊ नका.

प्रतीकात्मक दंडाचंही तसंच. वकील प्रशांत भूषण यांना सुप्रीम कोर्टात ३१ ऑगस्ट २०२० ला अवमानाबद्दल एक रुपया दंड झाला, सगळीकडे विनोद झाले, पण त्याच आदेशात लिहिलं होतं की १५ सप्टेंबरपर्यंत भरला नाही तर तीन महिने कैद आणि तीन वर्षं त्या कोर्टात वकिली बंद. त्यांनी मुदतीच्या आदल्या दिवशी भरला. म्हणून ऑर्डर ऐकताना दंडाच्या आकड्यावर थांबू नका, "न भरल्यास" च्या पुढचं ऐका. खरंच पैसे नसतील तर नुसत्या दंडाच्या शिक्षेत तीस दिवसांपर्यंत मुदत किंवा दोन-तीन हप्ते मागता येतात, कायद्यात तशी सोय आहे, फक्त मागावं लागतं. आणि अटक होऊन आधी लॉकअपमध्ये काढलेले दिवस कैदेतून वजा होतात, तेही वकिलाला सांगा, अनेकदा त्यातच शिक्षा भागते.

दरवेळी जायलाच पाहिजे असंही नाही. जिथे फक्त दंडाची आणि तीही पाच हजारांच्या आतली शिक्षा आहे अशा केसमध्ये कोर्ट विशेष समन्स पाठवू शकतं, ज्यात कबुली लिहून आणि सांगितलेला दंड पाठवून पोस्टानेच विषय मिटतो. वाहतुकीचे गुन्हे यात येत नाहीत, त्यांचं वेगळं आहे, चलन व्हर्च्युअल कोर्टात गेलं असेल तर तिथेच ऑनलाईन कबूल करून भरता येतं. पण दारू पिऊन गाडी चालवली असेल तर त्याला किरकोळ म्हणू नका, पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही, वर लायसन्सवर गदा येते ती वेगळी.

कबूल केल्यावर विचार बदलला तर? मॅजिस्ट्रेटकडे स्वतः कबुली देऊन झालेल्या शिक्षेवर अपील जवळजवळ बंद होतं, फक्त शिक्षा जास्त आहे किंवा बेकायदा आहे एवढ्यावरच करता येतं. म्हणून सगळा विचार कबुलीच्या आधी.

वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस शोधा, बहुतेक कोर्टाच्या आवारातच असतं, १५१०० वर फोन करूनही माहिती मिळते. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, कोठडीत असलेले, यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. ही मदत शिक्षेच्या टप्प्यावरही मिळते, फक्त केस लढवायलाच नाही.

पासपोर्टची भीती बऱ्याच जणांना असते. नुसत्या किरकोळ दंडाने पासपोर्ट अडत नाही, कायद्यात आहे ती नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात मागच्या पाच वर्षांत दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेली असण्याची अट. उलट चालू असलेली केस जास्त अडवते, तिच्यासाठी कोर्टाची परवानगी आणत बसावं लागतं. नोकरीच्या फॉर्मवर मात्र "कधी अटक, खटला, दंड झालाय का" असं विचारलं असेल तर खरं लिहा. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये अवतार सिंग केसमध्ये सांगितलंय की अगदी क्षुल्लक केस लपवली असली तरी मालक ती सोडून देऊ शकतो, पण ते त्याच्या मर्जीवर आहे, आणि तेवढ्यासाठी नोकरी टांगणीला का लावायची.

शिक्षा भोगून झाल्यावर त्याच आठवड्यात आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल मागायचा अर्ज टाका, दंडाची पावती त्याला जोडून ठेवा. मग ई-कोर्ट अॅपवर सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक टाकून केस निकाली दिसते का बघा. आधीच्या एखाद्या तारखेला गैरहजर राहिल्यामुळे वॉरंट निघालेलं असेल तर ते रद्द झाल्याचं पोलीस स्टेशनला कळलंय का ते पावती आणि नक्कल घेऊन स्वतः जाऊन विचारा, कारण कोर्टात संपलेल्या केसचं वॉरंट पोलीस स्टेशनच्या रजिस्टरला तसंच पडून राहू शकतं आणि मग ते पुढच्या नाकाबंदीत निघतं.